पाच वर्षांपुरतं या

हानोव्हरचं सेबिट प्रदर्शन म्हणजे त्या काळी संगणकाच्या धंद्यातली जगातली सर्वांत मोठी जत्रा. 23 फेब्रुवारी 2000 च्या संध्याकाळी तिचं उद्घाटन करताना जर्मनीचे चॅन्सेलर गेरहार्ड श्रोडर यांनी जाहीर करून टाकलं, की युरोपबाहेरच्या संगणकतज्ज्ञांना जर्मनी आता ‘ग्रीन कार्ड’ देणार. समोर बसलेल्या उद्योगपतींनी टाळ्या वाजवल्या. बिटकॉम ही त्यांची संघटना बरेच दिवस कानीकपाळी ओरडत होती, की 75,000 जागा रिकाम्या पडल्या आहेत आणि माणूस मिळत नाही. पण त्याच महिन्यात देशातल्या बेकारांच्या यादीत चाळीस लाखांहून अधिक नावं होती. या दोन आकड्यांची सांगड सामान्य मतदाराला कशी घालून द्यायची, हे श्रोडर यांच्या पक्षातही कुणाला नीट ठाऊक नव्हतं.

घोषणेची खरी अडचण मात्र बेकारी नव्हती. परदेशी माणसाला कामासाठी बोलावण्याचं दार जर्मनीनं 23 नोव्हेंबर 1973 रोजी अधिकृतपणे बंद केलं होतं आणि त्या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली होती. अपवाद होते. आचारी, शास्त्रज्ञ, हंगामी शेतमजूर अशांसाठी नियमांत फटी ठेवलेल्या होत्या. पण कायद्याचा सूर ‘नको’ असाच होता, आणि ‘जर्मनी हा स्थलांतरितांचा देश नाही’ हे वाक्य माजी चॅन्सेलर हेल्मुट कोहल यांच्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियननं, म्हणजे सीडीयूनं, वर्षानुवर्षं घोकलं होतं.

बंदीच्या आधीचा काळ आठवल्याशिवाय हे नीट कळत नाही. महायुद्धानंतर कारखाने धडाधड उभे राहिले आणि हात कमी पडू लागले, तेव्हा पश्चिम जर्मनीनं 1955 मध्ये इटलीशी आणि 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार करून मजूर आणले. अशा माणसाला ‘पाहुणा कामगार’ म्हणत. पाहुणा म्हटल्यावर तो कधीतरी जाणारच, हे गृहीत होतं. 10 सप्टेंबर 1964 रोजी कोलोनच्या डॉइट्झ स्टेशनावर पोर्तुगालहून कामगारांची खास गाडी आली. कर्ण्यावरून एक नाव पुकारलं गेलं: आर्मांदो रोद्रिगेस द सा. अडतीस वर्षांचा हा सुतार आधी घाबरला. त्याला वाटलं, कागदपत्रांत काहीतरी खोट निघाली, आता परत पाठवणार. प्रत्यक्षात मालकांच्या संघटनेनं यादीवर बोट ठेवून त्याला दहा लाखावा पाहुणा ठरवलं होतं. बँड वाजला, हातात फुलं आली, बक्षीस म्हणून झ्युंडाप कंपनीची मोपेड मिळाली आणि हॅट घातलेल्या त्या गोंधळलेल्या माणसाचा फोटो पुढे शाळेच्या पुस्तकांत गेला. मोपेड आज बॉनच्या इतिहास-संग्रहालयात आहे. रोद्रिगेस मात्र काही वर्षांनी आजारी पडून गावी परतला, पोटाच्या कॅन्सरवर सगळी शिल्लक घालवून बसला आणि 1979 मध्ये वारला. जर्मन आरोग्यविम्यातून उपचाराचे पैसे मिळण्याचा त्याला हक्क होता, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

1955 ते 1973 या काळात असे सुमारे 1 कोटी 40 लाख लोक आले आणि त्यांतले 1 कोटी 10 लाख परत गेले. राहिलेल्या तीस लाखांनी बायकापोरं बोलावून घेतली. तेलाचं संकट आलं तेव्हा सरकारनं भरती थांबवली, पण परिणाम उलटा झाला. एकदा गेलो तर परत येता येणार नाही, हे ओळखून जे होते ते ठाण मांडून बसले.

आपल्याकडच्यांनीही ही चव चाखली होती. साठच्या दशकात कॅथलिक चर्चच्या ओळखीपाळखीतून केरळच्या शेकडो तरुणी जर्मन रुग्णालयांत परिचारिका म्हणून गेल्या. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मन मुली त्या कामासाठी मिळू लागल्या, तशी काही राज्यांनी या परिचारिकांच्या परवान्यांचं नूतनीकरण थांबवलं आणि अनेकींना बोचकी बांधावी लागली. ज्या राहिल्या, त्यांचे नवरे केरळातून आल्यावर कित्येक वर्षं घरीच बसून. त्यांना काम करायची परवानगी नव्हती. शिकलेले, नोकऱ्या सोडून आलेले पुरुष मुलं सांभाळत होते आणि बायको रात्रपाळी करून घर चालवत होती. या केरळी कुटुंबांत काय घडत असेल याचा विचार परवाना देणाऱ्यानं केलेला नसतो.

तर श्रोडर यांनी दार किलकिलं केलं ते अशा घरात. आणि मुहूर्तही असा, की वर्षभरापूर्वीच, फेब्रुवारी 1999 मध्ये, हेसन राज्यात सीडीयूच्या रोलांड कोख यांनी दुहेरी नागरिकत्वाच्या विरोधात चौकाचौकांत टेबलं मांडून सह्या गोळा केल्या होत्या आणि त्या जोरावर निवडणूक मारली होती. परदेशी माणसाच्या नावानं मतं मिळतात, हे ताजं ताजं सिद्ध झालेलं होतं.

पुढची निवडणूक मे 2000 मध्ये नॉर्थ राइन-वेस्टफालिया या लोकसंख्येनं सर्वांत मोठ्या राज्यात होती. तिथले सीडीयूचे उमेदवार युर्गेन रुटगर्स यांनी मार्चमध्ये एका मुलाखतीत म्हटलं, की संगणकापुढे भारतीयांना बसवण्याऐवजी आपल्या मुलांना बसवा. जर्मनमध्ये मुलांना ‘किंडर’ म्हणतात आणि भारतीयांना ‘इंडर’. एवढं सोपं यमक वृत्तपत्रांच्या हाती लागल्यावर दुसरं काय होणार? दोनच दिवसांत ‘किंडर श्टाट इंडर’, म्हणजे भारतीयांऐवजी मुलं, ही घोषणा देशभर झाली. अतिउजव्या रिपब्लिकनर पक्षानं ती उचलून भिंतींवर चिकटवली. गंमत म्हणजे हे रुटगर्स 1994 ते 1998 केंद्रात शिक्षण, विज्ञान, संशोधन आणि तंत्रज्ञान खात्याचे मंत्री होते आणि लोक त्यांना ‘भविष्यमंत्री’ म्हणत. जर्मन मुलं संगणकापुढे बसली नसतील, तर त्याचा जाब आधी कुणाला विचारायचा? शाळा हा तिथे राज्यांचा विषय असला, तरी टोमणा बसायचा तो बसलाच. निवडणूक रुटगर्स हरले. पण तेव्हा चाळीस हजारांहूनही कमी असलेले जर्मनीतले भारतीय एका रात्रीत चर्चेचा विषय झाले. तोवर जर्मन माणसाला भारत म्हणजे योग, गरिबी आणि मदर तेरेसा एवढंच माहीत. आता संगणक आणि भारतीय हे समीकरण त्याच्या डोक्यात बसलं, आणि ते बसवलं विरोधकांनी.

नियम 1 ऑगस्ट 2000 पासून लागू झाले. संगणकशास्त्राची पदवी हवी. ती नसेल तर वर्षाला किमान एक लाख मार्क पगाराचा करार हवा, म्हणजे तेव्हाच्या भावानं वीस लाख रुपयांहून अधिक. सुरुवातीला दहा हजार परवाने, गरज पडली तर वीस हजार. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. कुटुंब आणता येई, पण जोडीदाराला काम करायला आधी थांबावं लागे. केरळच्या त्या नवऱ्यांइतकं नाही, तरी थांबावं लागेच. अमेरिकेत ग्रीन कार्ड म्हणजे कायमचा मुक्काम. जर्मनीनं नाव तेच घेतलं आणि आत पाच वर्षांचा कागद घातला. आपल्याकडे घरमालक अकरा महिन्यांचा करार करतात ना, भाडेकरूला कसलाही हक्क लागू नये म्हणून, त्यातलाच हा प्रकार.

पहिलं कार्ड समारंभपूर्वक दिलं गेलं. मंत्री, कॅमेरे, सगळं होतं. भारतीय मात्र नव्हता. तो होता आखेनच्या तंत्रविद्यापीठातून नुकताच बाहेर पडलेला एक इंडोनेशियन तरुण, म्हणजे जर्मनीतच शिकलेला. जुन्या कायद्याप्रमाणे शिक्षण संपलं की त्याला मायदेशी जावं लागलं असतं. फुकट शिकवायचं आणि शिकून झाल्यावर हाकलायचं, हा उद्योग जर्मनी कितीतरी वर्षं करत आला होता, हे या निमित्तानं उघड झालं. नव्या योजनेची अब्रू काही अंशी अशा विद्यार्थ्यांनीही राखली.

पुण्यामुंबईच्या इंजिनिअरांनी काय केलं? पुण्याला जर्मनी परकी नव्हती. इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला जाऊन डॉक्टरेट करून आल्या होत्या. पिंपरी-आकुर्डीच्या पट्ट्यात जर्मन यंत्रं आणि जर्मन भागीदार कित्येक वर्षांचे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकणाऱ्यांची गर्दी असे. तरीही संगणकवाल्यांची पावलं अमेरिकेकडेच वळत होती आणि त्याला साधा हिशोब होता. 2000 च्याच ऑक्टोबरमध्ये अमेरिकन काँग्रेसनं एच-वन-बी व्हिसांची मर्यादा वर्षाला 1,15,000 वरून 1,95,000 केली. तिथे इंग्रजी चालत होतं, न्यू जर्सीत मावशी होती, आणि मुख्य म्हणजे एच-वन-बीवर असताना कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येत होता. पुढे ती रांग भारतीयांसाठी किती लांबली, हा निराळा विषय. 2000 साली तरी अमेरिका ‘ये आणि बघ जमतंय का’ म्हणत होती, जर्मनी ‘पाच वर्षांपुरतं ये’ म्हणत होती. घर घ्यायचं का, मुलाला कोणत्या भाषेत शिकवायचं, हे ज्याला ठरवायचं आहे, तो पगाराच्या आधी मुदत बघतो.

त्यात त्या उन्हाळ्यातल्या बातम्या. जूनमध्ये देसाऊ शहरात मोझांबिकहून आलेल्या आल्बेर्तो आद्रियानो याला तीन निओनाझी तरुणांनी बागेत गाठून इतकं मारलं, की तो गेला. 27 जुलैला, योजना सुरू व्हायला चार-पाच दिवस उरले असताना, ड्युसेलडॉर्फच्या वेअरहान स्टेशनाबाहेर बॉम्ब फुटला. भाषेच्या वर्गातून परतणारे दहा स्थलांतरित जखमी झाले आणि एका गर्भवतीच्या पोटातलं मूल दगावलं. जखमींतले बहुतेक पूर्वीच्या सोव्हिएत संघातून आलेले ज्यू होते. भारतीय वर्तमानपत्रांत या बातम्या येत होत्या आणि आयांना त्या पुरेशा होत्या.

बाजारही फिरला. फ्रँकफर्टच्या ‘नोयर मार्क्ट’ या नव्या कंपन्यांच्या शेअरबाजारानं मार्च 2000 मध्ये शिखर गाठलं होतं. कार्डं वाटायला सुरुवात झाली तोवर घसरण लागलेली होती, आणि 2003 मध्ये तो बाजारच बंद झाला. ज्यांच्यासाठी माणसं बोलावली, त्या छोट्या कंपन्या बुडू लागल्या. नोकरी गेली की परवाना धोक्यात. 2004 च्या अखेरीस योजना संपली तेव्हा एकूण सुमारे 18,000 परवाने दिले गेले होते आणि त्यांत भारतीयांचा वाटा सर्वांत मोठा, पावहिश्श्याच्या आसपास. वीस हजारांच्या मर्यादेला हातही लागला नाही. ज्यांच्या लोंढ्याची भीती घातली होती, ते आलेच नव्हते.

योजना म्हणून ग्रीन कार्ड फसलं असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. श्रोडर यांनी एक अवघड विषय संगणकाच्या आडून घरात आणला आणि मग तो टाळता येईना. जुलै 2000 मध्ये गृहमंत्री ओटो शिली यांनी स्थलांतरावर आयोग नेमला, आणि अध्यक्षपदी विरोधी पक्षाच्याच रीटा झ्युसमुट यांना बसवलं. संसदेच्या माजी सभापती, सीडीयूच्या ज्येष्ठ नेत्या. स्वपक्षाला ते अजिबात रुचलं नाही. 4 जुलै 2001 रोजी आलेल्या त्यांच्या अहवालात स्पष्ट लिहिलं होतं, की जर्मनीला स्थलांतरितांची गरज आहे. वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांना गुण द्या आणि कॅनडासारखी निवड करा, अशी शिफारस होती. शिलींनी त्यावर कायदा बेतला, खालच्या सभागृहानं, बुंडेसटागनं, 1 मार्च 2002 रोजी तो मंजूर केला, आणि प्रकरण वरच्या सभागृहात, बुंडेसराटमध्ये गेलं.

तिथे जे घडलं ते जर्मन संसदीय इतिहासातलं सर्वांत नाट्यमय सत्र म्हणता येईल. बुंडेसराट आपल्या राज्यसभेसारखी नाही. तिथे राज्यांचे मुख्यमंत्री आणि मंत्री स्वतः बसतात, आणि घटनेच्या 51 व्या कलमाप्रमाणे एका राज्याची सगळी मतं एकगठ्ठाच पडावी लागतात. 69 पैकी 35 मतं हवी होती. ब्रांडेनबुर्गची चार धरली तर बरोबर 35 होत होती. आणि ब्रांडेनबुर्गमध्ये होतं श्रोडर यांचे सोशल डेमोक्रॅट आणि सीडीयू यांचं संयुक्त सरकार.

22 मार्चला राज्यांची नावं पुकारायला सुरुवात झाली. ब्रांडेनबुर्गचं नाव येताच मंत्री आल्विन त्सील ‘हो’ म्हणाले आणि शेजारून सीडीयूचे गृहमंत्री, माजी लष्करी जनरल योर्ग श्योनबोम यांनी ‘नाही’ म्हटलं. सभागृहाचे अध्यक्ष होते बर्लिनचे महापौर क्लाउस वोव्हेराइट. त्यांनी घटनेचं कलम वाचून दाखवलं आणि थेट मुख्यमंत्री मानफ्रेड श्टोल्पे यांना विचारलं, तुमच्या राज्याचं मत काय? श्टोल्पे म्हणाले, मुख्यमंत्री या नात्यानं मी हो म्हणतो. श्योनबोम एवढंच बोलले, की माझं मत आपल्याला माहीत आहे. वोव्हेराइट यांनी नोंद केली: ब्रांडेनबुर्ग, हो. सीडीयूचे बाक उसळले. हेसनचे तेच रोलांड कोख टेबलावर हात आपटत ओरडू लागले. वोव्हेराइट यांनी पुन्हा विचारलं, श्टोल्पे पुन्हा हो म्हणाले, आणि या खेपेला श्योनबोम गप्प राहिले. कायदा मंजूर.

दोनच दिवसांनी जारलांडचे मुख्यमंत्री, सीडीयूचेच पेटर म्युलर यांनी जारब्रुकेनच्या नाट्यगृहात, राजकारण आणि नाटक या विषयावर बोलताना, सांगून टाकलं की तो संताप आदल्या रात्रीच ठरवलेला होता. संताप खोटा नव्हता, पण त्याची वेळ ठरलेली होती, असा त्यांचा बचाव. हे म्युलर पुढे घटना न्यायालयाचे न्यायाधीश झाले. राष्ट्राध्यक्ष योहानेस राऊ यांनी जूनमध्ये सही केली, पण दोन्ही बाजूंचे कान उपटूनच. शेवटी 18 डिसेंबर 2002 रोजी, कायदा लागू व्हायला दोन आठवडे असताना, कार्ल्सरुहच्या घटना न्यायालयानं सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला: राज्याचं मत विभागलेलं होतं, एकदा ‘नाही’ उमटल्यावर पुन्हा विचारण्याचा अध्यक्षांना अधिकार नव्हता. कायदा रद्द.

मग दोन वर्षं देवघेव चालली. 1 जानेवारी 2005 पासून जो कायदा आला, त्यातून झ्युसमुटबाईंची गुणपद्धती वगळलेली होती. उच्चशिक्षितांना पहिल्या दिवसापासून कायम वास्तव्य देण्याची सोय त्यात होती, पण पगाराची अट वर्षाला 84,000 युरोंच्या आसपास. एवढा पगार नव्या माणसाला देतो कोण? वर्षाला काही शे लोकांनाच ती सोय मिळाली. मात्र ग्रीन कार्डवाल्यांपैकी ज्यांची पाच वर्षं त्याच ऑगस्टमध्ये भरणार होती, त्यांच्यापुढे आता राहण्याचा रस्ता होता. रुटगर्स त्याच वर्षी जून महिन्यात नॉर्थ राइन-वेस्टफालियाचे मुख्यमंत्री झाले. या वेळी त्यांनी यमक जुळवलं नाही.

पुढची पायरी ब्रसेल्समधून आली. 2009 मध्ये युरोपीय संघानं ‘ब्लू कार्ड’चा आदेश काढला आणि 1 ऑगस्ट 2012 पासून, ग्रीन कार्डाच्या बरोबर बारा वर्षांनी, जर्मनीनं तो लागू केला. तेव्हा पदवी हवी होती आणि 44,800 युरोंचा पगार. डॉक्टर, इंजिनिअर, संगणकतज्ज्ञ यांना सुमारे 35,000 पुरत. तेहतीस महिन्यांनी कायम वास्तव्य मिळे, जर्मन मध्यम पातळीपर्यंत येत असेल तर एकवीस महिन्यांतच. जोडीदाराला पहिल्या दिवसापासून काम. केरळच्या परिचारिकांपासून जे जे चुकत आलं होतं, ते या एका कागदात बऱ्यापैकी दुरुस्त झालेलं दिसतं. परिणामही तसा झाला: संपूर्ण युरोपात दिल्या जाणाऱ्या ब्लू कार्डांतली बहुसंख्य कार्डं जर्मनी देते, आणि घेणाऱ्यांत भारतीय पहिले. आज जर्मनीत दोन लाखांहून अधिक भारतीय आहेत. म्युनिक, फ्रँकफर्टच्या गणेशोत्सवांत ढोलताशांची पथकं आहेत, आणि त्यांतले वादक सोमवारी मोटारींचं सॉफ्टवेअर लिहायला जातात.

नोव्हेंबर 2023 मध्ये पगाराची अट आणखी खाली आली आणि संगणकातल्या अनुभवी माणसाला पदवीशिवायही ब्लू कार्ड मिळू लागलं. 1 जून 2024 पासून ‘संधी कार्ड’ सुरू झालं. वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांना गुण देणारं. झ्युसमुट आयोगानं सुचवल्याला तोवर जवळपास तेवीस वर्षं झाली होती. त्याच ऑक्टोबरमध्ये चॅन्सेलर ओलाफ शोल्त्झ दिल्लीत आले, तेव्हा भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला 20,000 वरून 90,000 वर नेण्याचं जाहीर झालं. आकड्याला कुणी यमक शोधलं नाही. पण परवाने देणारी मोठ्या शहरांतली कार्यालयं तीच आहेत, माणसं अपुरी, फायली कागदी, आणि साधी भेटीची तारीख मिळायला महिने जातात.

महाराष्ट्राचं नाव यात थेट आलं ते फेब्रुवारी 2024 मध्ये, राज्य सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्गशी मनुष्यबळाचा करार केला तेव्हा. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण पाठवायचे ठरले. जर्मनांना आता नुसते संगणकवाले नकोत. परिचारिका हव्यात, वायरमन, प्लंबर, चालक हवेत. ब्लू कार्ड घेणाऱ्या प्रोग्रामरला कुणी जर्मनचा एक शब्द विचारत नाही, ऑफिसात इंग्रजी चालतं. परिचारिकेला मात्र जर्मनची बी-टू पातळीची परीक्षा पास व्हावी लागते, त्याशिवाय तिच्या पदवीला पूर्ण मान्यता नाही. म्हणजे नांदेड-लातूरच्या मुलीला नोकरी सोडून वर्षभर वर्गात बसणं आलं, आणि तोवर घरखर्च कुणी चालवायचा हे तिचं तिनं बघायचं.